हळदीखालचा आकडा

जवळ सरका पोरांनो, अन् मधे खिदळू नका. हिंगोलीच्या डेपोसमोर जुबेरचं इंटरनेट कॅफे होतं. माझा लंगोटीयार तो. थापा मारणारा असता तर मीच आधी पकडला असता.

२००३ चा नोव्हेंबर, दहा तारीख. तांड्यावरच्या जिवनबाई त्याच्याकडे कागद घेऊन आल्या. पोरगा प्रेमदास तिकडं आखातात, कतारमधल्या दोह्याला बांधकामावर. तिथल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरचा पत्ता त्यानं पत्रातून कळवला होता. @ च्या पुढं कंपनीचं नाव नाही, चौकोनी कंसात नुसते आकडे, म्हणजे थेट त्या कॉम्प्युटरचाच नंबर.

"लिव बाबा, बापाला लई दम लागून राहिला. लौकर ये म्हना."

जुबेरनं ईमेल पाठवला. परत आला. कंस काढून पाहिले, परत. पुन्हा घातले, परत. बाई रोज येत अन् हा रोज मान खाली घालून सांगे, "न्हाई गेला, मावशी."

अठरा तारीख, मंगळवार, रात्रीचे नऊ वीस. जुबेरनं कागद बल्बसमोर धरला अन् कपाळावर हात मारला. लेकराचं पहिलं पत्र म्हणून बाईंनी हळदीचं बोट लावून देवापुढं ठेवलं होतं. त्या बोटाखाली एक आकडा बुजला होता.

त्यानं आकडा भरला. पाठवला.

परत आला नाही.

दहा मिनिटं... वीस... मग पोच आली. तिकडं कुणीतरी ईमेल उघडून वाचला होता.

सकाळी दोह्याहून फोन. तांड्याचे सगळे फोन जुबेरकडेच येत. प्रेमदाससोबतचा फुलसिंग रडत होता. "बारा तारखेला पडला तो, वरच्या मजल्यावरून. गेला... सांगायला धीर न्हाई झाला." रात्रीचा ईमेल कुणी वाचला म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तवापासून ऑफिसला कुलूप हाय, कॉम्प्युटर बंद."

जुबेरनं फोन ठेवला. म्हणजे पहिले दोन दिवस पोरगं जिवंत होतं! आकडा तेव्हाच दिसता तर... हे त्याला जन्मभर खात राहिलं.

तो बातमी सांगायला तांड्यावर गेला. दम्यानं महिनाभर बसून रात्री काढणारा प्रेमदासचा म्हातारा बाप हरिचंद आडवा, शांत श्वास घेत झोपलेला.

जिवनबाई हळूच म्हणाल्या, "रातच्याला कुनी तरी आलं. लाईट गेली व्हती. ह्यांना गोळी दिली, पाय दाबले... बोललं न्हाई. तूच डाक्टर धाडला नव्हं?"



त्यांनी गोळ्यांचं पाकीट पुढं केलं. जुबेर मदरशात शिकलेला, अरबी अक्षरं त्याला लागत.

पाकिटावर दोह्यातल्या औषधाच्या दुकानाचं नाव होतं. एक गोळी कमी होती.