डाव्या हाताचं वेल्डिंग

तक्रारअर्जावर सही करताना उज्ज्वला जराही कचरली नाही. तौफिकच्या गाडीची मागची चाकं तिला सकाळपासून खटकत होती. एवढी रुंद चाकं मडगार्डच्या आत मावतात, म्हणजे त्याने मागचा अ‍ॅक्सल, दोन चाकं जोडणारा दांडा, कापून आखूड केलेला असणार. ‘मूळ’ वर्गात ते चालत नाही. गाडी कारखान्यातून निघाली तशीच पळवायची. रुंद चाक रस्ता घट्ट धरतं, आणि चारशे मीटरच्या शर्यतीत सुटतानाची पकड म्हणजेच निम्मा विजय.

तक्रार करणाऱ्याचीही गाडी तपासायची, हा या धावपट्टीवरचा जुना रिवाज. उज्ज्वलाला त्याची काय भीती? गाडी तिच्या नवऱ्याने, शिवदासने बांधलेली. तो गेल्यापासून चार वर्षं ती एकटीच येत होती, गाडीच्या सावलीत एकटीच डबा खात होती. वर्षातला शर्यतीचा हा एक दिवस सोडला, तर तिच्याकडे त्याचं असं काही उरलं नव्हतं.

पूर्वी फितीने मोजत, बोटभर फरकाकडे कानाडोळा करत. यंदा धातुवाचक कमान आली होती. गाडी तिच्याखालून गेली, की कुठला भाग कधी कापला, कधी जोडला, हे धातूच्या कणाकणातून ती वाचायची.

तौफिकची गाडी निर्दोष निघाली. उज्ज्वलाचा अ‍ॅक्सल चोवीस मिलिमीटरने आखूड होता.

तपासनीस नलवडे शिवदासचे मित्र. त्यांनी तिला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, की जोड बारा वर्षांपूर्वीचा आहे, शिवदासने या धावपट्टीवर विक्रम केला, त्या महिन्यातला. विक्रम पुसला जाईल. शिवाय दोषी म्हणून एक नाव फलकावर लागेल, शिवदासचं किंवा तिचं. ते तिचं असेल, तर तिला धावपट्टी कायमची बंद.

“वहिनी, कमान सांगते, वेल्डिंग डाव्या हाताचं आहे,” ते म्हणाले.

त्यांच्या गॅरेजमध्ये डावखुरी ती एकटीच. तिला तो दिवस लख्ख आठवला. कुणाच्या तरी मालवाहू जीपचं काम आहे म्हणून शिवदासने अ‍ॅक्सलचे दोन तुकडे पुढ्यात ठेवले होते. तिने जीव ओतून जोडले. माझ्यापेक्षा तुझा हात चांगला, असं तो म्हणाला होता, आणि ती कितीतरी दिवस त्या शब्दांवर खूश होती.

तिला एकदम फार एकटं वाटलं, तो गेला त्या दिवसापेक्षाही.

नलवडे निकालाचा कागद पुढे धरून थांबले होते. दोषीच्या नावाची जागा कोरी होती.

“भाऊजी,” ती म्हणाली, “हात कुणाचा ते तुमच्या कमानीने सांगितलं. त्या हाताला काय ठाऊक होतं, ते कोण सांगणार?”