पार्किंगमधला आवाज

"अहो, ही जागा काय तुम्हाला आंदण मिळालीय?"

ठिणगीने स्कूटर बंद न करताच त्याला विचारलं. घरात तिला सगळे ठिणगीच म्हणत, आणि ते काही लाडाने नव्हे. समोरच्या विस्कटलेल्या केसांच्या माणसाने क्लिनिकच्या पार्किंगमध्ये मोटरसायकल आडवी लावून दोघांची जागा अडवली होती... आणि वर हसत होता! मग तिने त्याची अशी बिनपाण्याने केली, की वॉचमनही खुर्ची सोडून उठला.

"झालं?" तो म्हणाला. "छान बोलता हो तुम्ही."

थोड्या वेळाने ती सरावाच्या खोलीत शिरली, तर रुग्णाच्या खुर्चीत तोच.

ती क्लिनिकल सायकॉलॉजीत डॉक्टरेट करत होती. जाडजूड प्रबंध लिहून मिळते ती नव्हे, माणसांसमोर बसून कमवावी लागते ती. खऱ्या रुग्णांच्या आधी क्लिनिकने बोलावलेल्या नटांबरोबर सराव करायचा, आणि काचेपलीकडून शिकवणाऱ्या मॅडम बघणार. याच्या वाट्याला बायकोवर डाफरणाऱ्या नवऱ्याची भूमिका आली होती. तो ओरडला. तिने लोण्यासारख्या आवाजात म्हटलं, "तुम्हाला राग आलाय, असं जाणवतंय."

"तुम्हाला नाही येत कधी?" त्याने भूमिकेत राहूनच विचारलं. डोळे मात्र पार्किंगमधलेच होते. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

नंतर मॅडम म्हणाल्या, "तुझं सगळं बरोबर असतं गं. पण तुझ्या खुर्चीत कुणी बसलंय असं वाटतच नाही. एकदा नापास झालीयस. शुक्रवारच्या परीक्षेत पुन्हा झालीस, तर अभ्यासक्रम सोडावा लागेल."

ठिणगी धुमसत जिना उतरली. आयुष्यभर 'राग आवर, राग आवर' ऐकून तिने आवाज घासूनपुसून गुळगुळीत केला, आणि आता म्हणे खुर्चीत कुणी नाही! खाली तो हेल्मेट घालत होता.

"तो सकाळचा आवाज वर का नेत नाही?" त्याने विचारलं.

"तुम्ही नट आहात. मला शिकवू नका."

"नाही शिकवत. फक्त... तो आवाज मला आवडला, एवढंच."

"गाडी नीट लावायला शिका आधी," ती म्हणाली. घरी पोचेपर्यंत तिला स्वतःचाच राग येत होता, कारण ओठांवरचं हसू काही जात नव्हतं.

शुक्रवारी, परीक्षेत, तो खुर्ची लोटून तिच्या अंगावर धावून आला. "तुम्हाला राग..." तिने सुरुवात केली आणि थांबली. मग तिचा पार्किंगमधला आवाज निघाला.

"खाली बसा. तुम्ही असे अंगावर आलात की मला भीती वाटते. आणि तुमचा संतापही येतो. घरी ती बाई रोज हेच सोसते. तिला बोलता येत नसेल, मला येतं. बसा."

घंटा होईपर्यंत त्याने ओरडत राहायचं, असं ठरलेलं होतं. तो बसला. तोंड ओंजळीत धरून रडला.

ती पास झाली. मॅडमनी पाठ थोपटली, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती तडक पार्किंगमध्ये आली.

"मला तुमची मेहेरबानी नकोय. मी पास व्हावं म्हणून मुद्दाम रडलात ना?"

"रडणं ठरलेलं नव्हतं." त्याचा आवाज बसला होता. "तो नवरा म्हणजे माझे वडील. अगदी हुबेहूब. तुम्ही जे बोललात ना... ते आई जन्मभर गिळत राहिली."

तिचा राग एकदम कुठे ठेवावा, तेच तिला कळेना. "तुम्हाला खूप..." लोण्यासारखा आवाज आपोआप निघाला.

"तो नको," तो म्हणाला. "उपचारांसाठी दुसऱ्या कुणाकडे जाईन, मॅडमना नाव विचारलंय. इथलं कामही सोडलं आज. तुमच्याकडून मला वेगळंच हवंय."

"काय?"

"तुम्ही... रागासकट."

तिने मान वळवली. त्याची मोटरसायकल आजही तिच्या स्कूटरमागे आडवी उभी होती. तिचं डोकं पुन्हा सणकलं, आणि डोळे भरून आले.

"आधी ती गाडी काढ," ती म्हणाली. "मग बघते तुझ्याकडे."

त्याने निमूट गाडी काढली. वाट मोकळी झाली, तरी ती स्कूटरची किल्ली मुठीत धरून तिथेच उभी राहिली.