कोठारातले तवे

पोतं फुटलं ते बरोबर सिग्नेच्या दारात! उतारावर बर्फ, आणि बर्फावरून सुसाट निघालेले बटाटे... सिग्ने एप्रनसकट धावली. वळणावर तिने शेवटचा बटाटा झडप घालून पकडला, तर तोच पकडायला वाकलेल्या मुलाच्या कपाळावर तिचं कपाळ आपटलं.

"अहो बटाटेवाले, विकायला आणलेत की शर्यतीला?"

"शर्यतीचे वेगळे," कपाळ चोळत तो म्हणाला. "हे नुसते हौशी."

आणि हसला. बाई गं, एका गालाला खळी! एकाच!

त्याचं नाव हाल्वर. वडिलांच्या शेतातले बटाटे तो पोचवायचा. त्या दिवसापासून सिग्नेकडे एक पोतं उतरवायला त्याला अख्खी दुपार लागू लागली. सिग्ने लेफ्से, म्हणजे बटाट्याची पोळी, लाटायची, इतकी पातळ की पलीकडचं दिसावं... मग मोठ्या गोल तव्यावर टाकून लांब काठीने अलगद उलटायची. तो लोणी-साखर लावून गुंडाळायचा, आणि गट्टम!

"अरे, ती गिऱ्हाइकाची होती!"

"मग मी कोण?"

"संकट!"

पण खरं संकट वेगळंच होतं. आई गेली आणि तिच्या आजारपणाची बिलं सिग्नेच्या डोक्यावर ठेवून गेली. शेवटी सिग्नेने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढचं स्वयंपाकघर म्हणजे दुकान, मागच्या दोन खोल्या म्हणजे घर... तेही राहील की नाही, कुणास ठाऊक.

"घाबरू नकोस गं," वकील डालक्विस्टबाई म्हणाल्या होत्या. "राहतं घर आणि पोटापाण्याची अवजारं कायदा राखतो, ठरावीक किमतीपर्यंत. त्यावर गेलं की विकतात. फक्त सगळं खरं सांग. एक चमचा लपवलास, तरी घर गेलं समज."

सिग्नेने हाल्वरला यातलं अर्धंच सांगितलं. तवे जातील की काय, एवढंच.

"मी नेऊन ठेवतो ना आमच्या कोठारात! चौकशी संपली की परत."

"नको रे."

"अगं, ठेवतो की."

"नको म्हटलं ना..."

आता मिनेसोटातल्या या गावात कॉफी विचारली, तरी पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा कशाला उगीच म्हणायचं आणि मग मुकाट्याने कप पुढे करायचा. हाल्वर याच गावचा. त्याने तिसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. रविवारी सिग्ने चर्चला गेली, आणि हा पठ्ठ्या कुलूप न लावलेल्या दाराने आत शिरून तिन्ही तवे घेऊन गेला!

परत आली तर ओटा रिकामा. सिग्नेने कपाटंही उघडून पाहिली. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि ती गाडी काढून तडक कोठारात.

"हाल्वर! माझे तवे?"

"एकदम सुरक्षित! गवताखाली. कुण्णाला सापडायचे नाहीत!"

"अरे वेड्या, उद्या मला शपथेवर विचारणार आहेत! लपवलं म्हणतील. घर जाईल माझं!"

"पण तू... संकोचाने नको म्हणत होतीस ना?"

"मी नको म्हणजे नकोच म्हणत होते!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो भराभर गवत उपसू लागला. शेवटचा तवा गाडीत ठेवताना मात्र हळूच म्हणाला, "मला वाटलं... तुझं काहीतरी माझ्या हातून वाचावं."

सिग्नेचा अर्धा राग तिथेच विरघळला. अर्धा तिने मुद्दाम राखून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सुनावणीला मालमत्ता तपासणाऱ्या साहेबांनी विचारलंच, "तुमची एखादी वस्तू दुसऱ्या कुणाकडे ठेवली होती?"

तवे तर घरी होते. नाही म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं?

"होती," ती म्हणाली. "काल. माझे तवे. कळल्याबरोबर परत आणले."

मागे खुर्ची करकरली. हाल्वर उभा, कानापर्यंत लाल.

"नेले मी, साहेब. ती नको म्हणाली होती. दोनदा."

साहेबांनी चष्मा काढला. तेही इथलेच. "दोनदाच ना?" त्यांनी सुस्कारा सोडला. "माझी बायकोसुद्धा असंच..." मग घसा खाकरून त्यांनी काहीतरी लिहिलं. "तवे जुने आहेत, घर मर्यादेत आहे. दोन्हीला हात लावायचं मला कारण दिसत नाही."

बाहेर भुरभुर बर्फ पडत होता. सिग्ने रडत होती आणि हसतही होती.

"एक सांगायचं राहिलं तुझं," हाल्वर म्हणाला. "मालकीचं सगळं सांगितलंस, पण... त्यात मला नाही धरलंस."

ती थबकली. पापण्यांवर बर्फ, गाल गरम.

"तुझी किंमत मर्यादेत बसली नसती रे. विकून टाकलं असतं तुला."

"मग... गप्प बसू या?"

तिने त्याचा गारठलेला हात आपल्या कोटाच्या खिशात ओढून घेतला.

तेवढ्यात डालक्विस्टबाई पायऱ्या उतरत आल्या. त्यांची नजर वकिलाची!

"सिग्ने, खिशात काय आहे गं?"

"माझं आहे," सिग्ने म्हणाली. अगदी शपथेवर सांगावं तसं.