तुरमली आणि काकानीली

रमाकांत कॉलेजात रसायन शिकवत. खड्यांची पारख हा त्यांचा शौक. संस्थानं जाऊन मध्यभारत राज्य झाल्याला वर्षही झालं नव्हतं आणि शहराच्या लश्कर भागातल्या कचेऱ्यांवरच्या पाट्या अजून बदलत होत्या. अशा दिवसांत कोण कुणाला कशासाठी बोलावील याचा नेम नव्हता. त्यामुळे एक अंगठी ओळखायला पोलिसांनी त्यांना जयेंद्रगंजात पाठवलं, तेव्हा ते मुकाट्यानं गेले.

घर सरदार दौलतसिंहांचं होतं. जहागिरींचं पुढे काय होणार, हे विचारायला ते इंदूरला म्हणून निघाले आणि परतलेच नाहीत. आता मुरारच्या पलीकडे, जळालेल्या गवताच्या गंजीत एक प्रेत सापडलं होतं. चेहरा उरला नव्हता. बोटात तेवढी अंगठी होती.

दौलतसिंहांचे धाकटे भाऊ संभाजीराव यांनी ती रुमालातून काढून टेबलावर ठेवली. शेजारी दौलतसिंहांच्या पत्नी लीलाताईंनी आपल्या बोटातली अंगठी ठेवली. त्यांच्या कपाळावरचं कुंकू ताजं होतं.

"लग्नात एकाच खड्याचे दोन भाग करून आम्हा दोघांना अंगठ्या केल्या होत्या," त्या म्हणाल्या. "ती त्यांची असेल तर खडा माझ्या खड्याशी जुळेल."

"आज फैसला होऊन जाऊ दे, प्रोफेसरसाहेब," संभाजीराव म्हणाले. "वहिनीसाहेबांनी आणखी किती वाट बघायची?"

दोन्ही खडे जांभळट निळे होते. नुसत्या डोळ्यांना जुळेच वाटावेत असे. रमाकांतांनी लीलाताईंची अंगठी उन्हात धरून सावकाश फिरवली. समोरून गडद असलेला खडा कडेनं पाण्यासारखा फिका झाला.

"ही काकानीली."

दुसरी फिरवली. हा खडा कडेनं फिका झाला नाही, उलट काळवंडला.

"ही तुरमली वाटते."

"आगीनं काळा पडला असेल," संभाजीराव म्हणाले.

"असेल. कठीणपणा तपासून उपयोग नाही, त्यात दोघी सारख्याच. पण तुरमली तापवली की राख ओढून घेते. काकानीली ओढत नाही. शेगडी आणवता?"

शेगडी आली. पितळी ताटलीत चाळलेली राख पसरली. लीलाताईंची अंगठी चिमट्यात धरून, बेताची ऊब देऊन राखेजवळ नेली. खडा स्वच्छ राहिला. मग दुसरी. खड्याला राखेचे कण भराभर चिकटले, जणू बुरशी धरली.

"खडा निराळा आहे. ही दौलतसिंहांची अंगठी नाही."

संभाजीराव खुर्चीत बसले, लगेच उठले आणि चौकीवर सांगायला गेले. लीलाताईंनी आपली अंगठी निववून बोटात घातली.

रमाकांत भिंग पुसून सामान आवरू लागले. ताटलीत आडवी ठेवलेली दुसरी अंगठी उचलायला त्यांनी हात नेला आणि थांबवला.

राख अजून चढत होती.

त्यांनी अंगठीला बोट लावलं. ती केव्हाच गार झाली होती. खड्यावर आता एकही कण नव्हता. राख वळ्याच्या आत भरत होती, जिथे खडा नव्हता, ओढणारं काहीच नव्हतं.

"खिडकी उघडी आहे का, बाईसाहेब?"

"नाही."

वळ्यातून राखेचा दांडा वर आला. बोटाएवढा जाड. त्याच्यावर सुरकुत्या उमटल्या. मग नख. वरचं पेर डावीकडे कललेलं होतं.

"ते घोड्यावरून पडले होते," लीलाताई अगदी हळू म्हणाल्या. "हाड वाकडं बसलं."

"खडा त्यांचा नाही. मी शपथेवर सांगेन."

"खडा नसेल."

त्यांनी हात पुढे केला. रमाकांतांना तो अडवायचा होता, पण त्यांनी श्वास रोखून धरला होता. फुंकरीनं उडावी इतकी ती राख बारीक होती.

लीलाताईंच्या बोटांनी तिला धरलं.

ती विस्कटली नाही.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग राखेचं बोट पेराशी वाकलं आणि लीलाताईंच्या अंगठीचा खडा चाचपून पाहू लागलं.