गौतमी लाँचचा लाल सिलिंडर

सबिहा आली तेव्हा हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती, पण चेहऱ्यावर नवरीपणाचं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. लातुरात तनुजाच्या एका खोलीच्या कार्यालयात ती खुर्चीच्या कडेवर बसली. आईला बघून येते, असं सासूला सांगून ती निघाली होती.

लग्नाला नऊ दिवस झाले होते. रविवारी लग्न लागलं, त्याच दिवशी ती नांदेडहून लातूरला सासरी आली आणि सोमवारी सकाळी अकराला तिचा भाऊ रिजवान ज्या लाँचवर इंजिन बघायचा, ती लाँच पेटली. गोदावरीच्या धरणाच्या पाण्यातून भाविकांना पलीकडच्या देवळापर्यंत नेणारी ही तीस माणसांची लाँच, नाव गौतमी. बाकीचे पाण्यात उड्या टाकून वाचले, कस्तुराबाई नावाची सत्तर वर्षांची म्हातारी तेवढी बुडाली. इंजिनाच्या दाराशी आग विझवायचा भरलेला सिलिंडर टांगलेला होता, रिजवाननं त्याला हातसुद्धा लावला नाही आणि सगळ्यांत आधी उडी मारली, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. तेव्हापासून तो कोठडीत होता.

"माझा भाऊ भेकड न्हाई, ताई," सबिहा म्हणाली. "लोक त्याला म्हातारीचा खुनी म्हनून राहिले. अन् तो तोंडच उघडंना."

सासरी काय म्हणतात, असं तनुजानं विचारलं. नवरी घरात आली अन् भाऊ आत गेला, अशी कुजबूज पहिल्या दिवसापासून सुरू होती. आता आणखी काही उठलं तर मला नांदवणार नाहीत, हे सबिहानं मान खाली घालून सांगितलं.

तनुजानं विम्यासाठी जळालेल्या डाळमिला आणि गोदामं तपासण्यात बारा वर्षं घालवली होती. राखेपेक्षा माणसं जास्त खोटं बोलतात, एवढं शिकून ती बाहेर पडली आणि स्वतःच तपासाची कामं घेऊ लागली. तिची गाडी चालवायचा दयानंद, एस.टी.चा निवृत्त ड्रायव्हर. मनानं सोनं, डोक्यानं जरा निवांत.

तिघं नांदेडला निघाले. अहमदपूरला चहाला थांबले तेव्हा दयानंदनं आपलं रडगाणं लावलं. पोरीच्या, शिवांगीच्या लग्नाला गल्लीत मांडव टाकायचा तर परवानगीसाठी आग विझवायचा सिलिंडर दाखवा म्हणे. शेवटी मेहुण्याच्या पेट्रोलपंपावरचा उचलून आणला. सगळे असंच करतात, असंही तो म्हणाला. सबिहा मागच्या सीटवर मोबाइलवर स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओ बघत होती. त्यात भाऊ हसताना दिसत होता म्हणून. तनुजानं तो मागून घेतला आणि दोनदा पाहिला.

"जेवायला काय होतं गं?"

"बिर्यानी. अन् गोडाला जर्दा, केशरी भाताचा. भाईनं देगीपाशी हुबं राहून करून घेतला."

घाटावर गौतमी काळीठिक्कर पडून होती. इंजिनाच्या दाराशेजारी भिंतीत एक हूक, त्याला साखळी. खाली वाळूच्या दोन बादल्या, दोन्ही रिकाम्या. हुकामागची भिंत तनुजानं बोटानं पुसून पाहिली. वरपासून खालपर्यंत सारखी काजळी. तिथं उभं राहिल्यावर त्या म्हातारीनं कुठून उडी मारली असेल, हे मनात आल्यावाचून राहिलं नाही.

लाँचचा मालक शिवलिंग नियमांचा मोठा अभिमानी निघाला. दोन वाळूच्या बादल्या, एक सिलिंडर, परवान्यात लिहिलंय ते सगळं हाय, असं त्यानं ऐकवलं. सिलिंडर चोरीला जाऊ नये म्हणून रात्री साखळीला कुलूप, आणि किल्ली त्याच्या कमरेला.

"दुसऱ्या कुणाकडे किल्ली?"

"न्हाई. पहिल्या फेरीआधी मी सोता कुलूप काढतो. एक दिस खाडा न्हाई."

"सोमवारीही?"

"सोमवारीबी."

तिकिटं फाडणारा मल्लिनाथ दोन वाक्यांत उरकू बघत होता. आग विझल्यावर सिलिंडर हुकावरून मीच काढला, पोलिसांना मीच दिला. बोलताना त्याचं सगळं लक्ष शिवलिंगकडे होतं.

पोलीस ठाण्यात फौजदारांनी तो जप्त सिलिंडर दाखवला. वर पांढऱ्या रंगात 'गौतमी' लिहिलेलं. लाल रंग चकचकीत. तनुजानं तो आडवा केला तेव्हा बुडाच्या कड्यात भाताची दोन वाळलेली शितं दिसली, केशरी रंगाची.

"कुणी डबा खाल्ला असंल लाँचवर," दयानंद म्हणाला.

कोठडीत रिजवानच्या दोन्ही तळहातांना पट्ट्या होत्या. तनुजाच्या एकाही प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं नाही. ती उठली तेव्हा त्यानं एकच विचारलं.

"सबिहा सासरी सुखात हाय न्हवं, म्याडम?"

तनुजाला त्याचा राग आला.

दुपारी चार वाजता तिनं फौजदारांच्या खोलीत शिवलिंग आणि मल्लिनाथला बोलावून घेतलं. सबिहाला ती बाहेर बस म्हणाली. सबिहा हलली नाही.

"रिजवान पळाला, हे आधी सोडून द्या," तनुजानं सुरुवात केली. "आधी उडी मारणाऱ्याचे दोन्ही तळवे भाजत नाहीत. तो आगीशी झगडला. वाळूच्या बादल्या रिकाम्या करून, मग नुसत्या हातांनी."

"मग सिलिंडर का नाही वापरला?" फौजदारांनी विचारलं.

"कारण तो तिथं नव्हता. आगीत भिंतीवर काही टांगलेलं असलं की त्यामागं तेवढी जागा स्वच्छ राहते. इथं हुकामागची भिंतसुद्धा काळी आहे. आणि सगळी लाँच काजळलेली असताना सिलिंडर मात्र चकचकीत. तो आग विझल्यावर आणला."

मल्लिनाथ घाम पुसू लागला.

"कुलपाची किल्ली एकट्या शिवलिंगरावांकडे. म्हणजे सिलिंडर गेला तो त्यांनीच दिला म्हणून. सोमवारी सकाळी मीच कुलूप काढलं, असं ते स्वतः म्हणाले. हूक रिकामा दिसत असताना त्यांनी तीस माणसं पाण्यावर पाठवली."

"कुठं गेला व्हता मग? सांगा की," शिवलिंग म्हणाला. आवाजातला तोरा उतरला होता.

हे बोलायची तनुजाला अजिबात इच्छा नव्हती.

"दयानंद, शिवांगीच्या मांडवाला तुम्ही सिलिंडर कुठून आणला होता?"

"पंपावरनं. मेहुण्याच्या..." दयानंद म्हणाला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं सबिहाकडे पाहिलं.

"गल्लीतला मांडव, परवानगीला सिलिंडर हवा. रिजवाननं मालकाकडे मागितला. मालकानं मोठ्या मनानं कुलूप काढून दिला. रविवारच्या व्हिडिओत देगींच्या मागे तो उभा आहे, नावासकट. बुडाला लागली ती शितं जर्द्याची. सोमवारी मांडव उतरवायचा बाकी होता, म्हणून तो तिथंच राहिला. लाँच पेटल्यावर तो उचलून कोणी आणला, मल्लिनाथ?"

मल्लिनाथनं एकदाच मालकाकडे पाहिलं. "मालकानं सांगितलं म्हनून मी आनला, साहेब," तो म्हणाला.

सबिहा भिंतीला टेकली होती. भाऊ आठ दिवस गप्प का, हे तिला आता कळलं. तिच्या लग्नाच्या मांडवानं म्हातारी खाल्ली, असं सासरी कुणी म्हणू नये, म्हणून तो खुनी ठरायला तयार होता. तिला रडू आलं, आणि भावाचा भयंकर रागही आला.

शिवलिंग आता नुसत्या डोळ्यांनी फौजदारांची विनवणी करत होता. फौजदारांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. रिजवान पूर्ण सुटणार नाही, सिलिंडर नसताना त्यानं इंजिन सुरू केलंच होतं, असं ते तनुजाला म्हणाले. पण पळून गेल्याचा डाग जाईल, जामीन होईल. मात्र सिलिंडर मांडवात होता असा जबाब घरातल्या कुणीतरी द्यायला हवा. तो कोर्टात वाचला जाईल, पेपरातही येईल.

"आई चालेल तुझी," तनुजा हळूच म्हणाली. "तूच द्यायला हवा असं नाही."

सबिहाच्या हातातला मोबाइल वाजला. सासूचं नाव होतं. तिनं तो वाजू दिला, मग बंद करून पर्समध्ये टाकला आणि टेबलासमोर बसली.

फौजदारांनी कागद ओढला. नाव काय, कुणाची बायको, पत्ता लातूरचाच ना, असं ते विचारत गेले.

"सबिहा," ती म्हणाली. "पुढं रिजवानची बहीन, असं लिहा."