परत येणारं पाणी

मंगळावरच्या चौथ्या घुमटात कृत्रिम पाऊस तिसऱ्यांदा पाडून झाला, तरी वाळू उजाडच होती. वाळवंटी रानफुलांची एकही बी रुजली नव्हती. शेजारच्या घुमटातल्या मधमाश्यांचा साखरपाक संपत आला होता. फुलं आली नाहीत तर त्या मरणार, आणि मग परागीकरणावाचून पुढच्या हंगामातले भोपळे, सूर्यफुलं, सगळंच.

"बियाणं मेलेलं आहे, बाई," जलाधिकारी उद्धव साळवी म्हणाले.

वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. अनुराधा कारखानीस हिने एक बी चिरून दाखवली. आतला गर्भ टवटवीत होता. "मेलेली नाही, थांबलीय. हिच्या सालीत अंकुररोधक असतो. शिंतोड्यांनी तो जात नाही. भरपूर पावसातच धुऊन खोल उतरतो आणि मग बी उगवते. फसव्या सरीला भुललेलं रोप वाळवंटात करपतं. हा रोधक म्हणजे हिचं पर्जन्यमापक."

"मग मी धो धो पाडला की."

"पाडलात. आणि नंतर?"

"नंतर काय? वाफ्याखालून गोळा केला, गाळला, टाकीत भरला, लगेच तोच पुन्हा वरून सोडला. थेंब वाया गेला तर मला झोप लागत नाही."

अनुराधा थबकली. तिने एका बशीत टाकीतलं पाणी घेतलं, दुसरीत नुकतंच वितळवलेलं बर्फाचं, आणि दोन्हींत मेथी भिजत घातली. दोन दिवसांत बर्फाच्या पाण्यातल्या मेथीला मोड आले. टाकीतली नुसतीच फुगली.

"तुमची गाळणी क्षार अडवते, जंतू अडवते. रोधक निसटतो," ती म्हणाली. "आपण बी धुतो आणि तेच पाणी पुन्हा तिच्यावर ओततो. तिच्या लेखी पाऊस पडलेलाच नाही."

"उपाय?"

"बर्फाचं नवं पाणी, टाकीभर. ते खाली जिरू द्यायचं. परत आणायचं नाही."

"नैवेद्यसुद्धा आपण परत घेतो, बाई."

पण निचऱ्याची झडप त्यांनी स्वतःच उघडली; मान दुसरीकडे वळवून.

आठवड्याभरात वाळूवर हिरवी लव आली. साळवी गुडघ्यांवर बसून पाहत राहिले. "निम्म्याच आल्या की."

"बाकीच्या आत्ता येणारही नाहीत. कितीही पाऊस पडो, काही बिया मागे राहतात. ही रोपं जळाली तर पुढच्या खेपेला कुणीतरी हवं."

"एवढं पाणी सोडलं, तरी विश्वास नाही?"

"राखीव साठा ठेवतात."

साळवींनी वाळूवर अलगद हात ठेवला.

"राहू दे त्यांना," ते म्हणाले. "जबाबदार माणसं दिसतात."