काना राहिला

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर झाली तेव्हा तिच्या हातात व्हायोलिनच्या चौदा वह्या होत्या आणि त्याच्या हातात ट्रॉम्बोन. वह्या पडल्या. ट्रॉम्बोन पडला नाही.

"वाद्य बरं सांभाळलंत," वह्या गोळा करत ती म्हणाली.

"हे पडलं की वाजत नाही. वह्या पडल्या तरी वाजतात." तोही खाली बसला. "तुमच्या बाहीवर हे काय... बर्फ?"

तिने बाही झटकली. रबराचा भुगा होता.

वाद्यवृंदाच्या जुन्या कागदपत्रांचं तळघर तिच्या ताब्यात होतं. तिच्याआधी तीस वर्षं ते तिच्या काकांकडे होतं, आणि नियमही काकांचेच होते. कार्यक्रम झाला की वादकांच्या स्वरलिपीच्या वह्या खाली येत. त्यांत पेन्सिलीच्या खुणा असत, 'इकडे बघा' म्हणून काढलेले चष्मे असत, संचालकांचं नाकही असे. पन्नास वर्षांहून जुनी खूण म्हणजे इतिहास. ती नोंदवून जपायची. अलीकडची म्हणजे कचरा, पुसायची. आणि वहीला शाई कधीही लावायची नाही.

सगळे वादक तिला पाठीमागे 'खोडरबर' म्हणत. ट्रॉम्बोनवाला तोंडावर म्हणू लागला.

आपली वही तो स्वतःच आणून देई.

"तुम्ही वाजवता तरी कधी?" तिने एकदा विचारलं. "पानभर नुसते विराम, उभ्या रेघांमधले तालाचे खण सगळे रिकामे."

"सत्तर खण गप्प बसायचं, मग अकरा खण वाजवायचं. एवढ्या वेळात माणूस काय करणार? खण मोजतो... मधेच काहीबाही लिहितो."

"आणि मी पुसते."

"वाचून, की न वाचता?"

"नियमांत वाचण्याबद्दल काही नाही," ती म्हणाली. पण विसाव्या खणावर 'तळघरात चहा मिळतो का?' असं सापडलं, तेव्हा तिने ते पुसलं आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर दोन कप ठेवले.

हंगाम संपत आला. एका गुरुवारी काका नेहमीप्रमाणे कपाटांवरून बोट फिरवायला आले. धूळ सापडली नाही, तसे खुर्चीत टेकले.

"तुझा तो विरामवाला चालला म्हणे. दुसऱ्या शहरात कायमची जागा मिळतेय. सोमवारपर्यंत कळवायचंय."

"माझा कुठला, काका?"

"बरं बाई, संग्रहाचा."

ती पुढची वही पुसायला लागली. तालमीनंतर तो आला तेव्हा तिने तो विषय काढला नाही. त्यानेही नाही. वहीची शिवण उसवलीय, शनिवारच्या शेवटच्या कार्यक्रमाआधी तेवढी घालून द्या, इतकंच म्हणाला आणि गेला.

सुई ओवता ओवता तिचं लक्ष त्या सत्तर खणांकडे गेलं. चाळिसाव्या खणावर जुन्या वळणाची, मुद्दाम फिकट केलेली अक्षरं होती. खाली बासष्ट वर्षांपूर्वीची तारीख.

'सोमवारी उत्तर द्यायचं आहे. थांबू का?'

तिने सवयीने नोंदवही ओढली. 'अज्ञात वादक' इतकं लिहूनही झालं. मग तिने वहीचं आवरण उलटलं. आत काकांचा गोल शिक्का होता, वीस वर्षांपूर्वीच्या खरेदीचा.

पुसलं जाऊ नये म्हणून त्याने खोटी तारीख घातली होती! ती एकटीच मोठ्याने हसली.

मग हसू ओसरलं. नियमाने हा कचरा होता. पुसला की तो सोमवारी तिकडे होकार कळवणार, हेही उघड होतं. रबर हातात घेऊन ती बराच वेळ बसली. शेवटी तिने रबर खाली ठेवलं आणि नोंदीचं पेन उचललं.

शनिवारी ती रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड उभी राहिली. त्याचं मोजणं सुरू झालं. मांडीवर बोटं हलत होती. चाळिसाच्या आसपास बोटं थांबली. तो वहीकडे नुसता बघत राहिला.

मग तीच मोजू लागली. अडुसष्ट... एकोणसत्तर... शेजाऱ्याने कोपर मारलं. ट्रॉम्बोन वेळेवर वाजला.

टाळ्या संपल्यावर तो वही घेऊन तळघरात उतरला.

"काही जुनं सापडलं का?"

"सापडलं. पुढच्या वेळी खोटेपणा करताना आधी शिक्का बघा."

"बघेन." त्याने वही उघडून तिच्यासमोर धरली. "पण ही शाई? नियम मोडलात, खोडरबर. शिवाय काना राहिलाय. 'थांबा' लिहायचं होतं ना? इथे तर नुसतं 'थांब' आहे."

तिचे कान तापले. तरी तिने मान वर केली.

"राहिला नाही. मी लिहिताना चुका करत नाही."

त्याने त्या अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं.

"काकांना दिसलं तर?"

"पन्नास वर्षं होऊ देत. मग ठरवू, जपायचं की पुसायचं."

"आणि तोवर... मी काय करू?"

तिने दुसरा कप त्याच्याकडे सरकवला.

"वाचलंस ना? तेच कर."